मेंढ्यांपाशी कोण राहिलं?

लहानपणी येशूच्या जन्माची गोष्ट ऐकताना माझ्या पोटात गोळा यायचा. देवदूत, तारा, मेंढपाळ इथपर्यंत सगळं छान चाललेलं असायचं. पण मरीयेने बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, असं बाईंनी म्हटलं की मी डोळे गच्च मिटून घ्यायचे. कारण मला माहीत असलेली गव्हाण एकच होती. साखर कारखान्याची.

ज्यांनी कारखाना आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तोडून आणलेला ऊस जिथे पहिल्यांदा टाकतात त्या लांबलचक चराला गव्हाण म्हणतात. दर वर्षी गळीत हंगाम सुरू झाला की पेपरात फोटो येतो ना, अमुक साहेब गव्हाणीत मोळी टाकून शुभारंभ करताना, तीच ही. तिचा तळ लोखंडी साखळ्यांवर सरकत असतो. गाडीभर ऊस वरून धाडकन पडतो, पुढे सरकतो, फिरत्या सुऱ्यांखाली जातो आणि तिथून मिलमध्ये. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथेच कामाला होते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या एका कारखान्यात, गव्हाणीवर. तिकडे फिरकायचं नाही अशी आम्हा भावंडांना सक्त ताकीद होती. आणि इकडे रविवारच्या शाळेत बाई हसऱ्या चेहऱ्याने सांगताहेत की आईनेच बाळाला गव्हाणीत ठेवलं!

शेवटी एकदा अण्णांनाच विचारलं. ते आधी खूप हसले, मग गप्प झाले, आणि पुढच्या सुट्टीला मला सायकलच्या दांडीवर बसवून एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात घेऊन गेले. तिथे दगडमातीची, गुरांच्या माना घासून घासून कड गुळगुळीत झालेली गव्हाण होती. तळाशी थोडा कडबा उरला होता. अण्णांनी माझा हात धरून आत घातला. "ही ती गव्हाण. बघ, ऊब आहे का नाही?" होती. गाय नुकतीच खाऊन बाजूला झाली होती.

हे सगळं आठवायचं कारण मागच्या डिसेंबरातलं. गावाकडच्या आमच्या मंडळीने मला नाताळाच्या आधीच्या रविवारी बोलायला बोलावलं. (मंडळी म्हणजे आमच्या ख्रिस्ती मराठीत चर्चचे सगळे सभासद. गैरसमज नको.) विषय मीच निवडला, 'गव्हाणीपाशी आलेले लोक'. देवाला शोधायला कोण निघालं, कोण पोचलं आणि कोण जागचं हललं नाही. पुण्यात राहून चार पुस्तकं वाचते, कोश चाळते, तेव्हा गावाला काहीतरी नवीन सांगावं अशी इच्छा होती. खोटं कशाला बोलू, थोडी मिरवायचीही हौस होती.

सुरुवातच मी जोरात केली. म्हटलं, आपल्या नाताळाच्या नाटुकल्यात 'जागा नाही, जागा नाही' असं ओरडणारा उतारशाळेचा मालक असतो ना, तो बायबलात नाहीच. (माझ्या भावाने सलग तीन वर्षं ती भूमिका केलीय, त्यामुळे पुढच्या बाकांवर हशा पिकला.) मालक नाही आणि गोठाही नाही. लूक फक्त गव्हाणीचं नाव घेतो, तीनदा. बैल आणि गाढव हेसुद्धा लूकने आणलेले नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून चालत आले आणि चित्रांत येऊन उभे राहिले. 1223 साली संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेचो गावात खरीखुरी गव्हाण, खरा बैल आणि खरं गाढव आणून नाताळ केला, तेव्हापासून तर त्यांची जागा पक्कीच झाली.

आपण 'उतारशाळा' म्हणतो तिथे मूळ ग्रीकमध्ये 'काताल्युमा' असा शब्द आहे. हाच शब्द लूकने पुढे शेवटच्या भोजनाच्या वेळी घरातल्या पाहुण्यांच्या खोलीसाठी वापरलाय. आणि चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात खरोखरीची, पैसे देऊन राहायची उतारशाळा येते, तिथे मात्र वेगळा शब्द. केनेथ बेली नावाचे एक अभ्यासक होते, 2016 मध्ये वारले. इजिप्त, लेबनॉन, यरुशलेम, सायप्रस असं करत त्यांनी चाळीसएक वर्षं त्या भागात शिकवण्यात घालवली. त्यांचं म्हणणं असं की पॅलेस्टाइनमधल्या साध्या घरात एकच मोठी खोली असे. तिच्या एका टोकाला जमीन जरा खाली, तिथे रात्री जनावरं आत घ्यायची. माणसं वरच्या ओट्यावर निजायची आणि गव्हाणी ओट्याच्या कडेलाच असायच्या. पाहुण्यांची खोली आधीच भरलेली, म्हणून अवघडलेल्या मरीयेला घरच्यांनी आपल्यातच, मोठ्या खोलीत घेतलं. सगळ्या विद्वानांना हे मान्य नाही. पण मला पटतं, कारण असली घरं आपल्याकडेही होती. सोप्यात एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला आजोबांची वाकळ. बेली आणखी एक साधी गोष्ट सांगतात. मेंढपाळ आले, त्यांनी बाळ पाहिलं आणि आनंदाने परत गेले. ओली बाळंतीण कुठेतरी वाऱ्यावर पडलेली दिसली असती तर ते तिला तशीच सोडून गेले असते का? उचलून आपल्या घरी नेलं असतं, बायकांच्या हवाली केलं असतं.

मग त्या खुणेबद्दल बोलले. देवदूत मेंढपाळांना खूण सांगतो ती गव्हाणीची. बेथलेहेमच्या आग्नेयेला पाच-सहा किलोमीटरवर हेरोद राजाने एक अख्खी टेकडी घडवून वर किल्ला आणि राजवाडा बांधला होता, हेरोदियम. 2007 साली एहुद नेट्झर या पुरातत्त्वज्ञाने तिथेच हेरोदाची कबर सापडल्याचं जाहीर केलं. त्या शिवारात मेंढ्या राखणाऱ्याला तो डोंगर उठता-बसता दिसत असणार. राजा जन्मलाय असं कुणी सांगितलं असतं तर कुणीही तिकडेच पाहिलं असतं, आणि पाहून गप्प बसलं असतं. तिथे आपल्याला कोण आत घेतंय! पण गव्हाण म्हटल्यावर भीतीच नाही. गव्हाण म्हणजे आपल्यासारख्याचं घर. घोंगडीसकट जाता येतं.

मेंढपाळ हे अगदी टाकलेले लोक होते, त्यांची साक्षही चालत नसे, असं प्रवचनांत हमखास ऐकायला मिळतं. तसली वचनं नंतरच्या काळातल्या यहुदी ग्रंथांतली आहेत. ती मागे नेऊन लूकच्या मेंढपाळांना चिकटवायची मला गरज वाटत नाही. मोशे मेंढपाळ होता, दावीद मेंढपाळ होता. आपण उगाच लोकांना आणखी दीन करून सोडतो, म्हणजे गोष्ट जास्त गोड होते. हे लोक त्या रात्री कामावर होते, एवढंच लूक सांगतो.

आणि मग मी यरुशलेमवर आले. तो माझ्या भाषणाचा कळस होता. मत्तयाच्या गोष्टीत पूर्वेकडून मागी लोक येतात. ते तीन होते असं मत्तय कुठेही म्हणत नाही, राजे होते असंही म्हणत नाही. ताऱ्यांवरून भविष्य पाहणारे परधर्मी लोक, म्हणजे नियमशास्त्राने ज्या विद्येला मनाई केली तीच त्यांची विद्या. ते चुकतातही. राजा म्हणजे राजवाड्यातच असणार म्हणून थेट हेरोदाच्या शहरात जाऊन चौकशी करतात. पण विचारायची त्यांना लाज वाटत नाही. हेरोद मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना बोलावतो. शास्त्री लगेच उत्तर देतात, मीखाच्या पुस्तकाचा दाखला देऊन. बेथलेहेम. उत्तर अचूक. आणि त्यांच्यापैकी एकही जण तिकडे गेल्याचं मत्तय सांगत नाही. यरुशलेम ते बेथलेहेम आठ-नऊ किलोमीटर. "पत्ता पाठ होता," मी म्हणाले, "पण चप्पल घातली नाही!" लोकांना हे वाक्य फार आवडलं. नंतर चहाच्या वेळी दोघातिघांनी ते मला परत म्हणून दाखवलं.

अण्णा भाषणाला नव्हते. आईला अर्धांगाचा झटका येऊन तीन वर्षं झालीत. तिला एकटं ठेवता येत नाही. रात्री दोन-दोन तासांनी कूस बदलावी लागते, पाणी चमच्याने द्यावं लागतं. दिवसा एक बाई येतात, रविवारी त्यांची सुट्टी. त्यामुळे अण्णा घरी. शेजारच्या मुलाने मोबाईलवर भाषण रेकॉर्ड केलं होतं ते त्यांनी संध्याकाळी आईच्या उशाशी बसून ऐकलं. मोबाईल दोघांच्या मध्ये, आवाज पूर्ण मोठा केलेला. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते आणि सगळे कान तिकडे.

संपल्यावर आधी आई बोलली. तिचं बोलणं आता तुटक येतं, अर्धं ऐकून अर्धं जुळवावं लागतं. ती म्हणाली, "हन्ना... राहिली."

खरंच राहिली होती. वेळ संपत आली म्हणून मी शेवटची दोन पानं गाळली. त्यात हन्ना होती आणि शिमोन होता. बाळ चाळीस दिवसांचं झाल्यावर आईबाप त्याला मंदिरात नेतात. नियमाप्रमाणे कोकरू अर्पण करायचं असतं, आणि ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांच्यासाठी लेवीयाच्या पुस्तकात सवलत आहे, पक्ष्यांची जोडी चालेल. लूक पक्ष्यांचीच जोडी सांगतो. त्या घरची परिस्थिती एवढ्यावरून कळते, वेगळं काही सांगावं लागत नाही. त्या प्रचंड मंदिरात त्या दिवशी कितीतरी लोक असतील, याजक असतील, पहारेकरी असतील. या पक्षीवाल्या जोडप्याकडे वळून पाहणारे दोघंच निघाले. एक शिमोन, जो बाळाला हातात घेतो. दुसरी हन्ना, फनूएलची मुलगी, आशेर वंशातली. लग्नानंतर सात वर्षांनी विधवा झालेली, आता चौऱ्याऐंशीचा आकडा सांगितलाय, तो तिच्या वयाचा की वैधव्याचा यावर वाद आहे. काहीही धरलं तरी बाई थकलेली. मंदिर सोडून कुठे जात नसे. शिमोनाचे शब्द लूकने लिहून ठेवलेत, हन्नाचे नाही ठेवले. ती सगळ्यांना सांगत सुटली एवढंच लिहिलंय.

आई महिला मंडळात असताना दर वर्षी हन्नावर बोलायची. मी ते कितीदा ऐकलं होतं. तरी गाळायची वेळ आली तेव्हा हन्नाच गाळली. मी आईला म्हटलं, "चुकलं माझं." ती चेहऱ्याच्या एका बाजूने हसली.

मग अण्णांनी विचारलं, "त्या मेंढ्यांपाशी कोण राहिलं?"

मला आधी कळलंच नाही. "कुठल्या मेंढ्या?"

"मेंढपाळ उठून गावात गेले म्हणतेस. रात्रीचे. मग मेंढ्या कुणाच्या भरवशावर टाकल्या?"

म्हटलं, "असं लिहिलेलं नाही कुठे, अण्णा. त्यांना इतका आनंद झाला की टाकून गेले असतील. देवदूत दिसल्यावर मेंढ्या कसल्या!" आणि मग मला वाटलं मी चांगला मुद्दा काढला. लूकच्याच पंधराव्या अध्यायात तो मेंढपाळ एका हरवलेल्या मेंढरासाठी नव्याण्णव रानात सोडून जातो, ते सांगितलं.

अण्णा म्हणाले, "तो एकटा होता. हे चारपाच जण आहेत. पाळ्या लावलेल्या आहेत. लांडगा काय देवदूताला भिऊन घरी बसतो? एक जण थांबला असणार."

मी विषय हसण्यावारी नेला. पण रात्री झोप येईना. पाळ्या लावलेल्या आहेत, हे अण्णांनी सहज म्हटलं होतं. उठून मोबाईलवर ग्रीक पाठ काढला. लूक तिथे रात्रीच्या पहाऱ्यांचा शब्द वापरतो, आणि अनेकवचनात. त्या काळी यहुदी लोक रात्रीचे तीन पहारे धरत, रोमी लोक चार. म्हणजे एक जागा, बाकीचे शेकोटीपाशी आडवे, मग दुसरा. रात्रपाळीच की ही. इतकी वर्षं हे वाक्य मी वाचतेय, त्यावर भाषण दिलं, आणि पाळी हा शब्द अण्णांना ग्रीकशिवाय सापडला.

कारखान्याची रात्रपाळी रात्री आठला सुरू व्हायची आणि पहाटे चारला सुटायची. नाताळ नेमका भर हंगामात येतो. गव्हाण थांबली की मिल थांबते, त्यामुळे सण असो की काही असो, माणसं लागतातच. माझ्या लहानपणी 24 डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या उपासनेला अण्णा एकदाही आमच्याबरोबर नव्हते. आई आम्हा तिघांना गुंडाळून न्यायची. एका वर्षी चर्चमधल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांनी आईला सगळ्यांदेखत विचारलं, "तुमच्या मालकांना वर्षातून एक दिवससुद्धा देव आठवत नाही का?" आई काही बोलली नाही. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. राग त्या गृहस्थांचा यायला हवा होता, पण आला अण्णांचा. सकाळी ते घरी आले, अंगाला उसाच्या रसाचा आंबूस वास, डोळे लाल, आणि मी त्यांच्याशी बोलले नाही. दिवसभर बोलले नाही. त्यांनी आणलेलं संत्रं मी भावाला देऊन टाकलं.

सकाळी चहा घेताना मी हे सगळं त्यांना विचारलं. इतक्या वर्षांनी. दर वर्षी तुमचीच पाळी कशी यायची?

"यायची कशाला? मी घ्यायचो," ते म्हणाले. "गव्हाणीवर आम्ही तिघं होतो आपल्यातले. तिघांनी सुट्टी मागितली तर साहेब एकालाही देत नसत. एकाचा आवाज चांगला, त्याच्याशिवाय गाणी होत नसत. दुसऱ्याचं नवीन लग्न झालेलं. मग म्हटलं, जा तुम्ही दोघं."

"आणि तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटायचं की. बारा वाजता घंटा ऐकू यायची ना, वारं तिकडचं असलं म्हणजे." मग थोडं थांबून म्हणाले, "पण ते दोघं परत यायचे. घरी नाही जायचे आधी. चार वाजता मी सुटायचो तर काट्यापाशी उभे असायचे, थंडीत. पाळक काय बोलले, गाणी कोणती झाली, सगळं सांगायचे. तो एक तर गाऊनच दाखवायचा. उसाच्या गाड्यांवरचे लोकही उठून ऐकत बसायचे."

ते संत्रं त्या दोघांनी दिलेलं असायचं, हेही तेव्हाच कळलं.

त्यानंतर दोन दिवस मी शोधत होते. लूकच्या गोष्टीत मागे थांबलेला माणूस नाही, ते खरंच. पण बेथलेहेम हे गाव काही लूकपासून सुरू होत नाही. त्याच्या हजारएक वर्षं आधी शमुवेल संदेष्टा याच गावात इशायाच्या घरी येतो, राजा निवडायला. इशाय आपली मुलं एकेक करून पुढे उभी करतो. सात जण. शमुवेल म्हणतो, यांतला कुणी नाही, आणखी आहे का कुणी? तेव्हा बापाला आठवतं की धाकटा आहे, पण तो मेंढरांपाशी आहे. तोच दावीद. घरात एवढा मोठा माणूस आलेला, जेवणाची तयारी, सगळे भाऊ अंघोळ करून रांगेत, आणि हा मागे राहिलेला. कुणीतरी राहायलाच हवं होतं म्हणून. शमुवेल सांगतो की तो आल्याशिवाय आम्ही बसणार नाही.

पुढच्याच अध्यायात आणखी एक माणूस आहे. दावीद भावांना डबा पोचवायला रणांगणावर जातो, गल्याथाशी लढतो, ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्या सकाळी निघताना तो मेंढरं एका राखणाऱ्याच्या हवाली करून निघतो. तेवढाच उल्लेख, अर्ध्या ओळीचा. नाव नाही. हा अर्धा तुकडा माझ्या नजरेखालून किती वेळा गेला असेल! गल्याथाची उंची मला पाठ आहे.

बेथलेहेमला आज ज्या जागी जन्मस्थान दाखवतात तिथलं चर्च फार जुनं. पहिलं चौथ्या शतकात बांधलं, आताचं सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाच्या काळातलं. त्याचं दार जेमतेम सव्वा मीटर उंच आहे. पूर्वी मोठं होतं, घोड्यावरून कुणी आत घुसू नये म्हणून पुढे बुजवून लहान केलं. आता त्याला नम्रतेचं दार म्हणतात, कारण वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. मी भाषणात याचाही उपयोग करून घेतला होता. आमच्या मंडळीतल्या एक बाई पवित्र भूमीच्या यात्रेला जाऊन आल्या आहेत, त्या नंतर मला म्हणाल्या, "वाकले गं, तरी कपाळ आपटलंच." मला हे त्या दाराबद्दल ऐकलेलं सगळ्यात खरं वाक्य वाटतं.

माझं पुण्यातलं घर ते अण्णांचं घर एसटीने चार तास. भाषणाचं आमंत्रण यायच्या आधीच्या आठ महिन्यांत मी दोनदा गेले होते. चपलेचं ते वाक्य ज्या मुलाने रेकॉर्ड केलं, तोच या आठ महिन्यांत आईची औषधं आणून देत होता.

24 तारखेला जेवणं झाल्यावर मी म्हटलं, "अण्णा, आज तुम्ही जा. मी आहे आईपाशी."

ते नाही म्हणाले. मग म्हणाले, मला एवढ्या रात्रीचं बसवत नाही. मग म्हणाले, तुला तिची कूस नीट बदलता येणार नाही, उशी पाठीला लावायची विसरशील. मी करून दाखवली. आईने डोळ्यांनीच त्यांना जा म्हणून खुणावलं. शेवटी साडेदहाला त्यांनी स्वेटर घातला, कानटोपी घातली, दोनदा चष्मा पुसला आणि शेजारच्या मुलाच्या गाडीवर मागे बसून गेले. अंगणाच्या फाटकातून जाताना त्यांनी एकदा वळून खिडकीकडे पाहिलं.

मी आणि आई. थंडी चांगलीच होती. दूर कारखान्याचे दिवे आणि तो सारखा चालू असलेला घोंघावणारा आवाज, ज्याची लहानपणी इतकी सवय होती की हंगाम संपून तो बंद झाला की झोपमोड व्हायची. बाराला घंटा झाली. वारं तिकडचं होतं, नीट ऐकू आली. आईची कूस बदलली, उशी लावली. तिने विचारलं, "बसले... असतील ना पुढं?" म्हटलं, कुठले, मागेच बसले असतील, भिंतीला टेकून. तिला हसू आलं.

दीड वाजता ते आले. कानटोपी काढली नाही, तसेच आईच्या पलंगाच्या कडेला बसले. मी चहा टाकायला उठले तर म्हणाले, राहू दे, आधी ऐका.

"गर्दी होती. पोरांनी गाणी चांगली म्हटली, पेटी जरा मागे पडत होती. पाळक लांबले थोडे. दावीदाबद्दल बोलले नाहीत काही." माझ्याकडे पाहून म्हणाले, "सांगायचंस त्यांना. आणि गव्हाण केलीय, पुठ्ठ्याची. आत कडबा नाही, त्या खोक्यांत येतात तसल्या कागदाच्या पट्ट्या घातल्यात." त्यांनी मान हलवली. "मी हात घालून बघितला. त्यात काय ऊब येणार? उद्या कडबा नेऊन देतो थोडा."

मग आईची चादर सारखी केली, घड्याळाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "जा, पड आता. चारपर्यंत मी आहे."